डाव्या हाताची मेहनत

वरवट बकालच्या जनकाबाई बांधावरून घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. चौथ्या दिवशी नवरा, कारभारी, त्यांना तालुक्याला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर समीक्षाकडे घेऊन गेला. समीक्षानं स्प्रिंगचा चिमटा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबायला सांगितलं.

"बाई, मोडला तो हा हाय," जनकाबाईंनी प्लास्टर वर करून दाखवलं.

"माहीत आहे, काकू. हात आपल्या मनानं दाबत नाही. मेंदू हुकूम सोडतो, तो मज्जातंतूंतून स्नायूंपर्यंत जातो. डाव्याला जोराचा हुकूम सुटला की उजव्याचा हुकूम सोडणारा भागही जागा होतो. उजवा बारीक तर होईलच, पण हुकमाची सवय कमी मोडेल."

कारभारीनं विचार केला. "म्हंजे माह्या पायात काटा रुतला का शेजारचा भगवंतराव लंगडन."

जनकाबाई सांगितलेलं काम अर्धं सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. ओट्यावर बसून त्या रोज चिमटा दाबत. गल्लीतली केसरबाई बघायला आली.

"कोणता हात मोडला वं?"

"उजवा."

"मंग?"

"त्याचीच मेहनत करून राह्यली."

केसरबाई चहा न घेता गेली. इकडे जनकाबाईंऐवजी कारभारी म्हैस पिळू लागला आणि म्हशीनं पंधरा दिवस पान्हा चोरला.

प्लास्टर निघालं तेव्हा हात शेवग्याच्या शेंगेसारखा झाला होता. समीक्षानं पकड मोजायचं यंत्र दिलं. काटा नऊ किलोवर थांबला.

"चांगलं आहे. मला सहाची आशा होती."

"आन् डावा?"

"तीस. आधी चोवीस होता."

जनकाबाईंनी डावा हात चाचपला. "पन हा त जाडा नाही झाला."

"सुरुवातीला मांस फारसं वाढत नाही, काकू. मेंदू एकाच वेळी स्नायूतल्या जास्त तंतूंना कामाला लावायला शिकतो. जोर तिथून येतो."

आता उजव्याची मेहनत सुरू झाली. तो दुखायचा, थरथरायचा. दोन महिन्यांनी एका सकाळी जनकाबाई बादली घेऊन म्हशीखाली बसल्या. उजवा मध्येच थकला, राहिलेलं डाव्यानं काढलं. बादली भरली.

कारभारीनं आत डोकावून पाहिलं.

"मंग आता म्या काय करू?"

"शेन काढा," जनकाबाई म्हणाल्या.