तहान नसलेला कट्टा

देशसेवा करायला निघालं की सेवा राहते बाजूला, किस्सेच साठत जातात. नव्वदच्या दशकात मी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून बंगळूरला परतले, ती देश बदलायचाच ठरवून! सुरुवात जयनगरच्या पार्कातल्या मराठी म्हाताऱ्यांच्या कट्ट्यापासून केली. आदल्या उन्हाळ्यात माझे मामा, शंकरअण्णा, भर रस्त्यात चक्कर येऊन पडले होते. डॉक्टर म्हणाले, "अंगात पाणीच नाही. पुन्हा पडले तर खुब्याचं हाड जाईल." ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

*

पहिल्याच संध्याकाळी भाषण ठोकलं. "वय वाढलं की तहान कळेनाशी होते! तिची वाट बघू नका, थोडं थोडं पीत राहा!"

टाळ्या पडल्या. अण्णांचे जिवलग मित्र गोविंदराव उठले.

"छान बोललीस, पोरी. घसा सुकला असेल. स्वल्प पाणी पी!"

*

घरी मामीच्या मागे लागले. तिला सगळे अक्का म्हणतात.

"अक्का, रोज भरपूर पाणी पीत जा."

"नळाला एक दिवसाआड येतं. मी रोज कुठून पिऊ?"

*

अण्णांचा युक्तिवाद वेगळाच. "दिवसभर कॉफी पितो की! तिच्यात काय रॉकेल असतं?"

*

मग मी युक्ती केली. तांब्याभर पाण्यात तुळस घालून देवापुढे ठेवलं आणि म्हटलं, "अण्णा, तीर्थ! नाही म्हणायचं नसतं."

अण्णांनी भक्तिभावाने ओंजळ पुढे केली. पळीभर घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि उठले.

"अहो अण्णा, तांब्या भरलाय!"

"तीर्थ पोटभर पितात होय? अमेरिकेत पीत असतील!"

*

एकदा चिडून कट्ट्यालाच विचारलं, "पाण्याशी वैर काय तुमचं?"

पार्कात मुतारी नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गोविंदराव म्हणाले, "पाजायचं तू शिकून आलीस. सोडायचं कुठं, ते शिकायला कुणाला पाठवू या?"

*

रामनवमी आली. इथे त्या दिवशी गल्लोगल्ली पानक, म्हणजे गुळाचं सरबत, वाटतात. अण्णा भर उन्हात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आग्रह करत होते, "घ्या, आणखी एक पेला, ऊन फार आहे!" स्वतःचा मात्र निर्जळी उपास. सोबतीला गोविंदरावांचाही! या दोघांचं सगळं बंगळुरी 'बाय-टू': हॉटेलात कॉफी एक, कप दोन.

दुपारी अण्णा पानकाच्या पिंपाशेजारीच कोसळले.

हाड वाचलं. पण हॉस्पिटलात सलाइन लागलं. मी रडत उशाशी उभी. शेजारी गोविंदराव, ओठ सुकलेले, खुर्चीला धरून डुलत होते. डॉक्टरांनी त्यांची जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि नर्सला म्हणाले, "यांनाही एक बाटली लावा."

गोविंदराव घाईघाईने म्हणाले, "छे छे, वेगळी कशाला फोडता? शंकरअण्णांचीच बाय-टू करा!"