दाराखालून आलेलं उत्तर

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. शर्टांना काजं पाडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी मात्र तिची पोर चिमी पेन्सिल हातात धरायला तयार नसायची. चिमी दुसरीत होती. तोंड दिवसभर चालू, पण लिहायला बसवलं की हात आखडायचा. "घरी सराव घ्या, नाहीतर मागे पडेल," असं शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मायलेकींची जुंपायची.

त्या दिवशी काजवाली कामावरूनच वैतागून आली होती. चिमीनं पुन्हा 'घ'च्या जागी 'ध' काढला. काजवालीनं पान टर्रकन फाडलं. "परत लिही. हात मोडलाय का तुझा?"

चिमी उठली, बाथरूममध्ये शिरली आणि तिनं कडी लावली. आत नळ धो धो वाहू लागला.

"चिमे, दार उघड."

दटावून झालं, गोंजारून झालं, दार बडवून झालं. मग नळ थांबला आणि आतून काहीच ऐकू येईना. फरशी ओली, पोर घसरली असेल तर? नवरा कामावर. काजवाली जमिनीवर आडवी झाली आणि दाराखालच्या फटीतून डोकावली. दोन ओली पावलं दिसली तेव्हा तिच्या जिवात जीव आला. पण पोर एक शब्द बोलेना.

फाडलेल्या पानाच्या मागे काजवालीनं लिहिलं, 'माझं चुकलं. बाहेर ये.' पान आणि पेन्सिल फटीतून आत सरकवली.

बऱ्याच वेळानं पेन्सिलीची खरखर ऐकू आली. पान आणि पेन्सिल परत आली. 'तू रागवनार.'

'न'चा 'ण' करायला तिची बोटं शिवशिवली. तिनं ती आवरली. खाली लिहिलं, 'नाही.'

पुढचं उत्तर अगदी वाकडं होतं. 'कडी निघत नाही. मला भिती वाटते.'

काजवाली शेजारच्या सुतारकाकांकडे धावली. त्यांनी खांद्यानं दार दाबून धरलं. "आता कडी वर उचल बाळा, मग ओढ."

"काका, अजून दाबा," चिमी आतून म्हणाली. कडी खाडकन सरकली. पोर बाहेर येऊन आईच्या कमरेला बिलगली.

दुसऱ्या दिवशी काजवालीनं वही काढली नाही. कामावर जाताना टेबलावर चिठ्ठी ठेवली: 'संध्याकाळी काय खाणार?' परत आल्यावर पाहते, तर खाली भलंमोठं उत्तर, त्यात वर्गातल्या एका मुलीची तक्रारही. चुका भरपूर. काजवालीनं तक्रारीचं उत्तर लिहिलं.

अधूनमधून तिचा पारा चढायचाच. मग ती तोंड धुऊन यायची. वर्ष संपताना बाई म्हणाल्या, "अक्षर अजून कोंबडीचे पायच हो. पण आता लिहायला बसली की थांब म्हटलं तरी थांबत नाही."