चित्रामागचे नाव

निवृत्तांचे वेतन वाटणाऱ्या एका अवाढव्य कार्यालयात ती संकेतस्थळ सांभाळायला लागली, याचा सर्वांत जास्त आनंद तिच्या मामांना झाला. मामांची दृष्टी गेली होती. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकाच्या भरवशावर ते सगळे व्यवहार करत; अडत ते फक्त या कार्यालयाच्या पानावर. आपण हयात असल्याचे दरवर्षी तिथे कळवावे लागे, आणि तिथली बटणे म्हणजे नुसती चित्रे. संगणक म्हणे, "चित्र. चित्र. चित्र."

"प्रदर्शन भरवलंय तुमच्या ऑफिसनं," मामा म्हणत. मग हळूच, "मी जिवंत आहे हे शेजाऱ्यानं कळवायचं, बरं दिसत नाही गं."

जगभरचा नियम साधा होता: बटणावर अक्षरे हवीत; चित्रच असेल, तर त्यामागे त्याचे नाव लिहिलेले हवे. एका दुपारी तिने पानाच्या चाचणीच्या प्रतीतली चित्रे काढून अक्षरे बसवली. संध्याकाळी वरिष्ठ बाई तिच्या टेबलाशी आल्या.

"चित्रं तू काढलीस?"

"हो. चुकलं का?"

"चल, दाखवते."

तळघरातल्या लांबलचक खोलीत, बँकांच्या शाखाशाखांतून अजून वापरात असलेले प्रत्येक जातीचे यंत्र चाचणीसाठी मांडून ठेवले होते.

"पूर्वी लांबच्या शाखांतल्या यंत्रांवर अक्षरांच्या जागी चौकोन उमटायचे," बाई सांगू लागल्या. "म्हणून अक्षरांचीच चित्रं केली. मग बँकांचे प्रोग्राम आपलं पान वाचताना ती चित्रं मोजून माणूस शोधायला शिकले: तिसऱ्या चित्रापुढे माणसाची नोंद. तू तिसरं चित्र काढलंस, इथल्या चाचणीत त्यांना वाटलं माणूसच गेला."

"हे प्रोग्राम बदलत का नाहीत?"

"लिहिणारे कधीच निवृत्त झाले. त्यांचंही वेतन यातूनच जातं."

ती तावातावाने खाली आली होती. आता यंत्रांच्या लुकलुकत्या दिव्यांपुढे तिचा आवाज आपोआप उतरला. न पाहिलेल्या किती घरांची चूल या मोजणीवर पेटत होती!

"चित्र तसंच ठेवून मागे नुसतं नाव लिहिलं तर?"

"तर सगळ्या यंत्रांवर चालवून बघ. आणि प्रत्येक विभागाला राजी कर. ते भितात, आणि उगाच भीत नाहीत."

विभागांचे उंबरे झिजवण्यात वर्ष सरत आले. कुणी हसले, कुणी टोलवले, आणि एकेक करून सगळे राजी झाले.

मामांचा फोन आला तेव्हा ती त्याच खोलीत होती.

"आज चित्र बोललं बघ. 'हयात असल्याचे कळवा' म्हणालं. मी कळवलं." मग म्हणाले, "शेजारी जरा रुसलाय."

ती हसली, आणि पाहत राहिली. अशाच कुठल्याशा यंत्राने आत्ताच मामांना मोजले होते.