बाहेरचं मेंढरू

ठाणाकुशनूरच्या अंबुबाईने मेंढरं कधीच विकली होती. त्या पैशात रानाचा तुकडा घेतला, नवरा इरप्पा तूर-सोयाबीन करू लागला, मुलगा रविकुमार पुण्याला बांधकामावर गेला. कळप गेला, पण कळपाचे कायदे बाईने जपून ठेवले होते आणि राखायला आता माणसंच उरल्यामुळे ते माणसांना लागू होत. "मेंढरं सुटली, आमी अडकलाव," इरप्पा म्हणायचा. तेही हळूच, बाई घरात नसताना.

असाच एक कायदा तिच्या तब्येतीचा. अंबुबाई आजारी पडत नसे. म्हणजे ताप यायचा, खोकला यायचा, अंगावरची घोंगडी सुटायची नाही, पण त्याला आजार म्हणायचं नाही. २००९ साली पंचमीला ती बसवकल्याणला भावाकडे गेली. घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यात पुण्याहून आलेला भाचा नाक पुसत सगळ्यांच्या पुढे पुढे करत होता. गावी परतली ती तापाने फणफणतच. "बसचा वारा लागला," तिने जाहीर केलं आणि अंगात कणकण असतानाच शेजारच्या शांतम्माकडे चहाला जाऊन माहेरची सगळी खबर देऊन आली.

तेवढ्यात पुण्यात स्वाइन फ्लूने माणसं दगावल्याची बातमी टीव्हीवर आली. कामं थांबली, आणि रविकुमार बायकोला घेऊन दारात येऊन उभा राहिला. मंगलच्या कडेवर पुण्याच्या दवाखान्यात जन्मलेली मुलगी होती. अंबुबाईने नात अजून पाहिली नव्हती. तिच्यासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून चवड लावून ठेवली होती. हात पुढे झालेच होते, पण कायदा आडवा आला.

"बाहेरचं मेंढरू एकदम कळपात घेत न्हाईत," ती उंबऱ्यातूनच खोकत म्हणाली. "आदी आठ दिस लांब बांधायचं. आखाड्यावर जावा."

"अव्वा, आमी काय मेंढरं हाव का?" रविकुमार म्हणाला.

"मेंढरं शहाणी असतेत. सांगितलं की जातेत."

आखाडा म्हणजे रानातलं पत्र्याचं शेड, एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला कडबा. बांधावर एक ऐसपैस सपाट दगड होता. अंबुबाई रोज दुपारी त्यावर भाकरी ठेवायची, "ठेवलंय गं, मी सरकली लांब," म्हणून ओरडायची आणि बाभळीखाली जाऊन थांबायची. मंगल येऊन भाकरी उचलायची. पण बाई लगेच निघायची नाही. मंगलच्या खांद्यावरून डोकावणारं ते जावळ बघत राहायची आणि मग डोळ्यांत कचरा गेला म्हणून पदर लावायची. रोजच्या रोज एवढा कचरा कुठून येतो, हे विचारायची हिंमत कुणाची नव्हती.

मुदत संपत आली तोच शांतम्मा खोकू लागली. मग तिच्या घरचे, मग सगळी गल्ली. "बगा," अंबुबाई म्हणाली, "वारं आखाड्याकडनंच यायलंय." आणि मुदत वाढली. हे ऐकून मंगल कडब्यात तोंड घालून रडली.

त्याच दिवसांत बीदरहून रक्त तपासणारी गाडी आली. डॉक्टर पल्लवी मॅडमनी ठरावीक घरं निवडली, त्यात अंबुबाईचं घर होतं.

"रोगाचं घर तिकडं हाय, रानात," बाई म्हणाली.

"आम्ही रोग्यांना शोधत नाही, मावशी. रोग अंगात येऊन गेला की रक्त त्याची ओळख ठेवतं. गावात किती जणांकडे ती आहे, ते बघायचंय."

"म्हंजे मातेचे फोड येऊन गेलेलं मेंढरू. त्याला परत येत न्हाई."

"बरोबर तसंच."

अंबुबाई खूश झाली. आपलं रक्त कोरं निघणार आणि पुण्याचं पितळ उघडं पडणार, या भरवशावर तिने बाही वर केली. रक्त आखाड्यावरच्यांचंही गेलं.

दसऱ्याच्या आधी पल्लवी मॅडम परत आल्या. त्यांना बाईला आत नेऊन सांगायचं होतं, पण अंबुबाई ओट्यावरून हलेना. "सगळ्यांसमोर सांगा. गल्लीला बी कळू द्या."

मॅडमनी पुन्हा विचारलं. बाईने पुन्हा तेच सांगितलं.

"मावशी, तुमच्या मुला-सुनेला हा रोग झालेला नाही. तुम्हाला होऊन गेलाय."

ओट्याखालून शांतम्मा म्हणाली, "अक्का, माझ्याकडं चहाला कोण आलतं गं?" गल्ली पोट धरून हसली. इरप्पाने तोंडात पटका घातला.

अंबुबाई हसली नाही, भांडलीही नाही. तिला तो उंबरा आठवत होता, आपला खोकला, आणि पुढे झालेले आपले हात. "मॅडम," तिने हळू विचारलं, "तवा मी लेकराला घेतलं असतं तर?"

"बरं झालं नाही घेतलं," मॅडम म्हणाल्या. "तुमचा कायदा खरा होता, फक्त बांधायचं मेंढरू चुकलं. पण आता काही भीती नाही. घ्या नातीला."

त्या एवढ्याशा जिवाला आपल्यापासून धोका होता, हे अंबुबाईला सोसेना. तिने मुला-सुनेला घरी बोलावणं धाडलं आणि आपलं अंथरूण काखेत मारून आखाड्याची वाट धरली.

"रव्याची माय, आता कामून जायलीस?" इरप्पा मागे लागला. "रोग कवाच गेला म्हनायलेत त्या."

"त्यांना जेवढं ठिवलं तेवढं मी ऱ्हाते. कायदा हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबुबाई शेडच्या दाराशी बसून भाकरीची वाट बघत होती. बांधावरून मंगल आली. तिने दगडावर दुपटी अंथरली, अंबुबाईनेच शिवलेली, त्यावर पोरीला नीट निजवलं आणि बाभळीखाली जाऊन थांबली.

"ठेवलंय, आत्याबाई," ती ओरडली. "मी सरकली लांब."

अंबुबाई उठली. कायद्याचं काहीतरी पुटपुटत दोन पावलं चालली आणि मग पळतच सुटली. पोर अनोळखी माणसाला बघून रडणार होती, पण तेवढ्यात म्हातारीच्या गळ्यातली डोरल्याची वाटी तिच्या मुठीत आली. बाईने तिला छातीशी घट्ट धरलं आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. आज तिने पदर डोळ्याला लावला नाही, कचऱ्याचं नावही काढलं नाही.

मग तिचं लक्ष बाभळीखाली गेलं. मंगल अजून तिथेच होती.

"आता तू कामून लांब उभारलीस?" अंबुबाई तिच्यावर खेकसली. "बाहेरची हाईस का तू?"