मेंढ्यांचा कापूस

सासऱ्यांच्या ऐंशी मेंढ्यांचा मी एका बोटाने कापूस करून टाकला.

कळप विकायचा ठरला, तेव्हा विक्रीच्या आदल्या दिवशी दौंडजवळच्या त्यांच्या वस्तीवर मीच हौसेने व्हिडिओ काढला होता. बावीस मिनिटांचा, तीन जीबीचा. सासऱ्यांना तो स्वतःच्या फोनमध्ये हवा होता. "मेंढवाडा तर रिकामा झाला. आठवन आली की तोंडं तरी बघीन," म्हणाले. पण फोनमध्ये जागा जेमतेम एक जीबी. बाकीची नातेवाइकांच्या सुप्रभातांनी खाल्लेली, आणि त्यातलं एकही ते पुसू देईनात. "लोकांनी फुलं धाडल्यात, टाकून कशी द्यायची?"

मी सणसवाडीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. अठरा वर्षं दुसऱ्यांचा माल नापास करतोय. तेव्हा हे काम आपलंच. शिरूरला घरी बसून फाईल लहान करायचं ॲप उतरवलं, साइजचा काटा पार डावीकडे ओढला आणि तीन जीबीचे तीस एमबी केले. वर मूळ व्हिडिओ पुसूनही टाकला. पसारा नको.

रविवारी सासऱ्यांनी फोन आधी लांब धरला, मग जवळ, मग चष्मा पुसला.

"पाव्हणं, ही कुनाची मेंढरं?"

"तुमचीच की, मामा."

"माझी? मग तोंडं कुठं गेली ह्यांची?"

खरंच, पडद्यावर पांढरे गोळे इकडून तिकडे सरकत होते. सासऱ्यांनी फोन बाजेवर पालथा ठेवला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नशीब, माझ्या फोनची कचरापेटी माझ्यासारखीच आळशी; महिनाभर काही बाहेर टाकत नाही. मूळ व्हिडिओ तिथे सापडला. या वेळी ॲपमधलं सगळं वाचलं. चित्राची लांबी-रुंदी तशीच ठेवली, नव्या पद्धतीचं कॉम्प्रेशन निवडलं. मेंढ्यांच्या पापण्यासुद्धा शाबूत! पण फाईल दीड जीबीच्या खाली येईना. आणखी दाबलं की कापूस सुरू.

बायको मागे उभी होती. "दाबताय कशाला? नको ते कापा की."

तिने फोन घेऊन अख्खा व्हिडिओ बघितला, जे मी एकदाही केलं नव्हतं. सुरुवातीला चार मिनिटं माझं भाषण, चेहऱ्यासकट. मधे मिनिटभर माझा अंगठा. आणि बंद करायला विसरल्यामुळे शेवटी सहा मिनिटं माझ्या चपला. तिने सगळ्यावर कात्री चालवली. पाऊण जीबी.

पुढच्या रविवारी सासरे बघू लागले. "ही कानतुटकी. ही बाटलीच्या दुधावर वाढली ती. आन् ही, कवाबी बघा, मागंच वळून बघनार..." शेवटच्या मेंढीपर्यंत आम्ही कुणी जागचे हललो नाही.

मग त्यांनी मान वर केली. "पाव्हणं, त्या दिशी तुम्ही लई बोलत हुता. ह्यात कुठंच न्हाई तुम्ही?"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

बायको म्हणाली, "ह्यांना बाहेर ठेवलं आप्पा, तवा कुठं मेंढरं मावली."