सोनूबाईची वाहतुकीची सूचना

कसबा बावड्याच्या सोनूबाईचं शिक्षण चौथी नापास, पण सकाळी सातला तिचा आवाज आसपासच्या गावांत चुलीपाशी पोचायचा. दूध संस्थेनं छोटं रेडिओ केंद्र काढलं तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती रोज दहा मिनिटं बोलत आली. म्हैस आटली तर काय करावं, भाजीला काय दर लागला, आणि शेवटी कुणाचं रक्षाविसर्जन कधी, कुठं. म्हशीचं लोक विसरायचे, पण शेवटचं ऐकल्याबिगर रेडिओ बंद करायचे नाहीत.

मग संस्थेनं पुण्याहून ऋतुराज नावाचा व्यवस्थापक आणला. असल्या जुनाट रेडिओला जाहिराती मिळत नाहीत, असं त्याचं म्हणणं. झालं, दोन पोरं तासभर स्वतःच्याच बोलण्यावर खिदळायला लागली. मधेच गुडघ्याचं तेल, मधेच फ्लॅट. तो फ्लॅट कुणाचा ऊस मोडून उभा राहणार ते मात्र कुणी सांगत नव्हतं. तीन महिने झाले तरी सोनूबाई त्याला पावणं म्हणायची; पाहुणा कधीतरी जातो, एवढीच आशा.

एका सोमवारी ऋतुराजनं दारावर कागद डकवला. दिल्लीच्या नियमाप्रमाणे असल्या केंद्रानं आपली बातमी सांगायची नाही. सांगायचीच तर सरकारी रेडिओची, ती पण जशीच्या तशी. खाली चालणाऱ्या गोष्टींची यादी होती: हवामान, परीक्षा, नोकऱ्या, वाहतूक, पाणीपुरवठा. रक्षाविसर्जन त्यात नव्हतं.

"मावशी, कुणी वारलं ही बातमी झाली. परवाना जाईल आपला."

"पावणं, ह्यो निरोप हाय. बातमी तुमच्या मोबाईलवर असती."

मोबाईलवर कुणी काहीही ओकावं, त्याला परवाना लागत नाही. आणि बावड्याची एक म्हातारी गेली असं रेडिओवर सांगितलं की दिल्ली हलते. सोनूबाईला या शहाणपणाचं भारी कौतुक वाटलं. खरं तर नियमापेक्षा गुडघ्याच्या तेलवाल्याला रडका कार्यक्रम नको होता, हे केंद्राच्या शिपायानं तिला आधीच सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात तिची शेजारीण विठाबाई गेली. जाताना सोनूबाईचा हात धरून एवढंच म्हणाली, "आक्काला कळव."

आक्का म्हणजे विठाबाईची थोरली बहीण, नदीपलीकडं भुयेला मळ्यात राहणारी. एका बांधावरनं दोन्ही घरांत बारा वर्षं बोलणं नव्हतं. विठाबाईचा पोरगा केरबा निरोप धाडायला तयार नव्हता; धाडला तर आपण वाकलो. आक्का निरोपाशिवाय येणार नाही. आली तर ती वाकली. सोनूबाई स्वतः गेली असती, तर केरबानंच धाडलं असं भुयेत लोक म्हणाले असते. रेडिओचं तसं नव्हतं. तो कुणी धाडलेला नसायचा आणि सगळ्यांनी ऐकलेला असायचा. अकरा वर्षांत असली किती घरं त्या दहा मिनिटांनी एका जागी आणली होती, त्याला ऋतुराजच्या कागदावर रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सोनूबाईनं दारावरची यादी बोट ठेवून वाचली आणि आत जाऊन बसली. म्हशीचं झालं, दर झाले.

"आता वाहतुकीची सूचना. उद्या सकाळी नऊला बावड्याच्या स्मशानभूमीच्या रस्त्याला लई गर्दी हुणार हाय. आमच्या गल्लीतल्या विठाबाईचं रक्षाविसर्जन हाय म्हणून. भुयेकडनं येणाऱ्यांनी लवकर निघावं."

काचेपलीकडं ऋतुराज उठून उभा राहिला, त्यानं यादीकडं बघितलं आणि तो परत खाली बसला. वाहतूक त्यानंच लिहिली होती.

गर्दी खरंच झाली. माणसांच्या मागं, डोक्यावर पदर घेऊन, आक्का उभी होती. केरबानं बघितलं.

"कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"कुणी न्हाय. रस्त्याला गर्दी हाय म्हणं, बघाय आलो."

केरबा बाजूला सरकला आणि त्यानं रक्षेवर घालायच्या पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला.

सोमवारी दारावर नवा कागद होता. वाहतुकीची सूचना यापुढं फक्त व्यवस्थापक देतील. सोनूबाईनं चष्मा पुसला आणि बोट खालच्या ओळीवर नेलं. पाणीपुरवठा तिथंच होता. पिशवीत आज रक्षाविसर्जनाच्या दोन चिठ्ठ्या होत्या. एक वडणग्याची, एक शियेची.