खिडकीपर्यंत चालून ये

आमच्या आत्यांच्या लेखी माणूस खुब्यापाशी सुरू होतो आणि टाचेपाशी संपतो. त्याच्या वर जे धड, मान, डोकं वगैरे असतं, ते पायांनी वाहून न्यायचं सामान. या आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. हयातभर त्यांनी मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर पनवेलला आमच्याकडे राहायला आल्या. मी उद्या दुसरंच तोंड लावून घरात शिरले तर त्यांना पत्ता लागायचा नाही; पण कुणाची चप्पल घालून आले, तर चालीवरूनच "कोण गं ती?" म्हणून ओरडतील.

माझ्या लग्नातलीच गोष्ट घ्या. कुंकवाच्या पाण्यात पावलं बुडवून मी माप ओलांडलं. बाकी बायका माझं नाक, रंग, दागिने बघत होत्या आणि या बाई खुर्चीतूनच फरशीवर उमटलेल्या माझ्या पावलांवर वाकलेल्या! "सगळा तळवा उमटलाय. कमान अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "हिला कर्नाळा चढायला नेऊ नका रे." नवरीचं स्वागत असं झालेलं तुम्ही ऐकलंय कधी? पुढे एकदा मी हट्टाने कर्नाळा चढले आणि आठवडाभर गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसले, तेव्हा त्यांनी रोज येऊन पावलातल्या सव्वीस हाडांची नावं मला ऐकवली. दुखणं परवडलं, पण ती नावं नकोत!

आमची गॅलरी पहिल्या मजल्यावर. सकाळी तळ्याकडे फिरायला जाणारी मंडळी खालून जातात. आत्या चहाचा कप घेऊन वर बसलेल्या. "अहो निळे बूट! टाच आधी टेकवा, टाच!" तो बिचारा दचकून वर बघतो. एका गृहस्थांनी तर रस्ताच बदलला. घरच्यांचीही सुटका नाही. गुडघ्याखाली दोन हाडं असतात, नडगीचं जाडजूड आणि बाहेरच्या अंगाचं बारीक. हे समजावताना त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. "हे बारीक हाड म्हणजे हा. भार जवळजवळ काही उचलत नाही. पण काढून टाकलंस तर घोटा ढासळेल हो, तेव्हा राहू दे." नवरा पेपरात तोंड खुपसून हसत होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. आत्यांचा स्वतःचा डावा खुबा जन्मापासून उखळीतून निसटलेला. लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. तो पाय आखूड राहिला, त्या लंगडतात. विशीत त्यांना बघायला आलेल्यांनी "मुलीला जरा चालून दाखवायला सांगा" म्हटलं. त्या चालल्या, आणि मंडळी पोहे अर्धे टाकून उठली. हे मला सासूबाईंनी सांगितलं, आत्यांनी कधीच नाही. त्यानंतर त्या परक्यांसमोर चालल्या नाहीत. पाहुणे यायच्या आधी खुर्चीत बसायचं, ते गेल्यावर उठायचं. कॉलेजातसुद्धा मुलं यायच्या आत वर्गात जाऊन बसत म्हणे.

म्हणूनच की काय, आमच्या लेकीला स्थळं येऊ लागली तेव्हा त्यांनी रीतच उलटी केली. पोहे आले की त्या मुलाला म्हणायच्या, "बाळ, जरा खिडकीपर्यंत चालून ये बघू." एक सीए मुलगा चालला. आत्या त्याच्या आईला म्हणाल्या, "गुडघे एकमेकांशी गप्पा मारतायत याचे." झालं! त्या बाई लाडूसुद्धा न घेता गेल्या. लेक आत पोट धरून हसत होती आणि मी कपाळाला हात लावून बसले होते.

पण मग लेकीने स्वतःच एक मुलगा पसंत केला. करंजा गावचा, कोळ्यांच्या घरातला, उरणला बंदरात नोकरीला. आता मात्र तिचं हसू पळालं. "आई, आत्याआजीला आवर गं. त्याची आई रागावली तर सगळंच फिसकटेल." मी आत्यांना हात जोडले. त्यांनी वचन दिलं आणि पोहे पुढे येईपर्यंत पाळलंही.

"बाळ, जरा खिडकीपर्यंत..."

माझ्या हातातला चमचा पडला. मुलगा मुकाट्याने उठला, चालून आला. "उत्तम!" आत्या म्हणाल्या. "डोलत्या होडीत वाढलेले पाय आहेत." मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच त्याची आई खो खो हसायला लागली.

"पोर बघितलात तुमी. आता आत्याबाय, तुमी पन चाला बगू. आमाला पन बघूं दे, मुलीकरची मोठी मानसं कशी हायेत ती."

त्या माउलीला काय ठाऊक! नवरा पंख्याकडे बघू लागला. लेकीचा चेहरा पांढराफटक. मी घाईघाईने म्हटलं, "त्यांचा गुडघा दुखतोय हो आज."

"गुडघा ठणठणीत आहे," आत्या म्हणाल्या. "खुबा निसटलेला आहे." आणि खुर्चीचे हात धरून उभ्या राहिल्या.

खिडकी कितीशी लांब? पण मला ती पळस्प्याच्या फाट्याएवढी लांब वाटली. प्रत्येक पावलाला त्या डावीकडे कलत होत्या, सावरत होत्या. खिडकीचा गज धरून वळल्या आणि परत आल्या.

"आमची सासू अशीच चालायची," ती बाई म्हणाली. तिचं हसू ओसरलं होतं, पण आवाज तसाच खणखणीत होता. "डोक्यावर म्हावऱ्याची टोपली, आनि बाजाराला सगल्यांच्या फुडं. या, हितं बसा माज्या बाजूला. आनि हा माजा गुडघा बघा, उतरताना कटकट करतो. चालता येतं म्हनून डाक्टर काय बघत नाय त्याला."

आणि मग काय विचारता! साडी गुडघ्याच्या वर सरकली, आत्यांची बोटं वाटीच्या कडेने फिरू लागली, लग्नाची बोलणी बाजूलाच राहिली. तारीख काय ती जाता जाता जिन्यात ठरली. आत्या त्यांना पोचवायला दारापर्यंत चालत आल्या.

मंडळी गेल्यावर मी ओट्यापाशी बशा विसळत होते. आत्या आत आल्या, उगाच पाण्याचा पेला भरला, प्यायल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी मला उत्तरंच दिली होती, न विचारता. कधी काही विचारलं नव्हतं. पेल्याकडे बघतच हळूच म्हणाल्या, "कशी चालले गं मी?"

सत्तरीला टेकलेली बाई, आणि आवाज विशीतल्या मुलीचा. "छान चाललात, आत्या," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पदराने ओठ पुसले आणि तिथेच उभ्या राहून सगळा पेला पाणी प्यायल्या.